पायांकडची बाजू

सोमवार, दि. १५ डिसेंबर २०२५

चि. कमल हिस,
प्रमिलाचे अनेक आशीर्वाद.

नावाच्या आधी काय लिहावं यावर दहा मिनिटं पेन धरून बसले होते. भाऊभावजी गेल्यापासून सौ. लिहिता येत नाही, आणि त्या जागी जे लिहितात ते लिहायला माझा हात होत नाही. म्हणून चिरंजीव. तू चौपन्न वर्षांची झालीस म्हणून काय झालं, या घरात माझी धाकटी जाऊ म्हणून आलीस आणि धाकटीच राहणार.

इकडे सर्व ठीक आहे. तिकडे तू, आशा, जावई आणि छकुली खुशाल असाल. थंडी बऱ्यापैकी पडली आहे. मागच्या आठवड्यात औषधं आणायला नंदुरबारला गेले होते. मिरचीचा हंगाम जोरात आहे, मिरची वाळवायच्या पथाऱ्यांवर लांबपर्यंत लाल पसरलंय, आणि आमचा रिक्षावाला सगळा रस्ता शिंकत होता. तुझ्या घराला कुलूप आहे, पण अंगण मी रोज झाडून घेते. धनुबाईची शेळी तुझ्या ओट्यावर येऊन बसते, तिला हाकलते. ती पुन्हा येते.

पत्र बघून तू चक्रावशील. आशाच्या फोनवर मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तू देवळात गेली होतीस. नवापूरला इतकी देवळं आहेत हे मला माहीत नव्हतं. असू दे. तू फोनवर आली असतीस तरी चार वर्षं एकमेकींशी न बोललेल्या दोन बायका काय बोलणार होत्या? शिवाय बोलताना माझी जीभ माझ्या पुढे धावते, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत. कागदावर निदान खोडता येतं.

यांची तब्येत आहे तशी आहे.

तू गेल्यावर त्या मशीनचं काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल, म्हणून लिहिते. रूपाली, माझ्या भावाची मुलगी, नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे हे तुला ठाऊक आहे. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस उचलणाऱ्या बायकांसाठी हे अंगावर घालायचं यंत्र निघालंय. तिच्या संस्थेने ते सहा महिने वापरून बघायला काही घरांत दिलं, त्यात आपलं घर. कमरेला रुंद पट्टा, खांद्यांवर दप्तरासारखे दोन बंद, मांड्यांवर दोन दांडे आणि पाठीवर बॅटरी. आपण वाकून उठायला लागलो की त्याला कसं कोण जाणे कळतं, मग ते घुंईं करतं आणि दांडे मांड्यांना मागे रेटतात. कमरेवर यायचा भार ते आपल्यावर घेतं. मदत किती हवी त्याची तीन बटणं आहेत. मी पहिल्या दिवसापासून तीन नंबर दाबते.

साडीवर ते बसत नाही. म्हणून साठीला टेकलेली मी हेमकांतची कॉलेजातली जुनी ट्रॅकपँट घालून घरात फिरते. पोराची पँट आई घालते, असं उलटं चाललंय. धनुबाई म्हणाली, "प्रमिलाबाई, आते तुम्ही पोलीस भरतीले जा." पण खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. कंबर दुखायची थांबली. एक दिवस भरलेलं गॅस सिलिंडर फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत एकटीने आणलं आणि कोणी बघतंय का म्हणून मागे वळून पाहिलं. पंचवीस वर्षांनी अंग आपलं म्हणणं ऐकतंय असं वाटलं. यांना खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, परत खाटेवर, सगळं एकटीने. पंच्याऐंशी किलोचा माणूस आणि मला दमसुद्धा लागत नाही.

रोज एक फॉर्म भरावा लागतो. पाठ किती दुखली, एक ते दहा. मशीन किती वेळ घातलं. शेवटी एक रकाना आहे: उचलताना रुग्णाने स्वतः किती जोर लावला? त्यात मी रोज 'पुरेसा' असं लिहीत गेले. शाळेत गृहपाठ करायचो ना आपण, बाईंना जे हवं ते लिहायचं, तसं.

शुक्रवारी रूपाली तपासायला आली. आता जरा वेगळी बातमी.

जूनमध्ये तिने यांना गजाला धरून उभं केलं होतं ते तुला आठवत असेल. वीस आकडे मोजेपर्यंत हे उभे राहिले होते. तू दाराशी पदर घेऊन उभी होतीस आणि तुझेही ओठ आकडे मोजताना हलत होते, ते मी पाहिलं होतं. शुक्रवारी सहाच्या पुढे गेले नाहीत. सात म्हणायच्या आत गुडघा लटपटला आणि रूपालीने सावरलं. तिने टेप काढून मांड्या मोजल्या. उजवी तर अर्धांगाच्या झटक्यात लुळी पडलेलीच, पण डावी, चांगली असलेली मांडीसुद्धा बारीक झालीय. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्या, फॉर्ममध्ये तर तुम्ही रोज पुरेसा लिहिलंय." मशीन अंगावर आल्यापासून यांच्या पायांकडे बघायची मला गरजच पडली नव्हती.

मग तिने विचारलं, मशीन येण्याआधी कोण उचलायचं? मी म्हटलं, मी आणि माझी जाऊ. ती म्हणाली, तेव्हा काका जोर लावायचे. आता का लावत नाहीत?

मी यांच्याकडे बोट दाखवलं. म्हणून तिने यांनाच विचारलं. तुला माहीत आहे, झटक्यानंतर यांची वाचा गेलीय, दिवसातून चार-पाच शब्द फुटतात, तेही तुटके. यांनी तिच्याकडे पाहिलं. मग डावा हात उचलून आपल्या डोक्यावरून पुढे ओढला. आपण पदर ओढतो तसा. पुन्हा एकदा ओढला. मग आपल्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "तिले... भार... नको."

रूपालीला काही कळलं नाही. नाशिकात वाढलेली पोर, तिला कुठून कळणार. मला कळलं.

कमल, बत्तीस वर्षं झाली तुला या घरात येऊन. धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराला, जेठाला, शिवत नाही, त्याच्यासमोर बसत नाही, डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, ही आपली रीत. तू ती इतकी पाळलीस की चहा हवा का एवढं विचारायचं तरी माझ्या तोंडून. आणि महाशिवरात्रीच्या सुमाराला यांना दवाखान्यातून घरी आणलं, गाडी फाटकाशी थांबली, मी आणि ड्रायव्हर दोघांना मिळून हे हलेनात, तेव्हा तू तुझ्या घरातून बाहेर आलीस. कोणी बोलावलं नव्हतं. आपला अबोला होता. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस, सरळ जाऊन यांचे पाय धरलेस. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आलीस, संध्याकाळी सहाला आलीस. सात महिने. मी डोक्याकडे आणि तू पायांकडे, आणि दोघींच्या तोंडातून चकार शब्द नाही. 'उचल' म्हणायचं सुद्धा नाही, मी श्वास घेतला की तू समजायचीस.

तू तीच बाजू का घेतलीस ते मला बऱ्याच दिवसांनी समजलं. जेठाच्या पायांना हात लावायला भावजयीला कोण अडवणार? पाया तर ती पडतेच. रीत मोडली नाहीस आणि काम अडू दिलं नाहीस.

पण तुझ्याकडे रीत होती तशी यांच्याकडेही होती, ते माझ्या डोक्यात आलं नाही. तुझ्या हातात पाय गेले की हे डावी टाच खाटेत रोवायचे, दात आवळायचे आणि कंबर स्वतः वर घ्यायचे. धाकट्या भावाच्या बायकोने आपलं ओझं वाहावं याची यांना लाज वाटायची. म्हणून जेवढं जमेल तेवढं हलकं व्हायचे. मला वाटायचं, कमलच्या अंगात ताकद जास्त आहे. दिवसातून दोन वेळा, सात महिने, तो यांचा व्यायाम होता. कोणत्याही डॉक्टरने सांगितला नव्हता.

मी यांना विचारलं, "आनि मले भार व्हस तो चालस?" यांनी मशीनकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "तुले... मशीन शे." रूपाली हसली. मीही हसले. मग मला न्हाणीत जाऊन तोंड धुवावं लागलं.

शनिवारी मी मशीन काढून ठेवलं आणि म्हटलं, आता माझ्यासाठी लावा जोर. दोनदा लावला, तिसऱ्यांदा अंग सैल सोडलं. धनुबाईला पायांकडे उभं केलं. ती लहानपणापासूनची शेजारीण, यांना बहिणीसारखी, तिच्यासमोर कसली लाज? ती बिचारी घामाघूम झाली आणि हे पोत्यासारखे पडून. बायकोला भार होतो हे पुरुषांना कळत नाही, किंवा कळतं आणि चालतं. चाळीस वर्षांची सवय आहे, एका शनिवारात जायची नाही.

रूपाली म्हणते, मशीनचा दोष नाही. एक नंबर दाबला असता तर मलाही थोडी ताकद लावावी लागली असती आणि त्यांनाही. तीन नंबर माझा मीच दाबत होते. ती असंही म्हणते की अशा आजारात पहिलं वर्ष सोन्यासारखं असतं. पुढेही सुधारणा होते, पण मुंगीच्या पावलाने. फेब्रुवारीत वर्ष होईल. दोन महिने राहिले. या दोन महिन्यांत पायांत बळ आलं तर हे काठी धरून अंगणात तरी जातील, नाहीतर खाट आणि खुर्ची एवढंच यांचं जग.

इथे थांबले होते. यांना दूध दिलं, औषध दिलं. आता दुपारचे झोपलेत.

आता ते लिहिते, ज्याच्यासाठी कागद घेतला आणि ज्याच्याभोवती इतका वेळ घिरट्या घालते आहे.

वर मी लिहिलं की तू गेल्यावर मशीनचं काय झालं. जसं काही तू लेकीची आठवण आली म्हणून गेलीस. तू का गेलीस ते तुला माहीत आहे आणि मलाही. धनुबाईलाही माहीत आहे, पण ती बोलत नाही, आणि ती बोलत नाही म्हणजे बघ.

नवरात्रात मशीन आलं. तिसऱ्या माळेच्या दिवशी संध्याकाळी ते बघायला आळीतल्या सगळ्या बायका अंगणात जमल्या होत्या. हे बाहेर खुर्चीत होते. तू नेहमीसारखी सहाला आलीस आणि पदर घेऊन फाटकाशी उभी राहिलीस. मी तुला पाहिलं. पाहिलं आणि तीन नंबर दाबून यांना एकटीने उचललं. बायका 'अगं बाई' म्हणाल्या. तुझ्याशी बोलणं नव्हतं, म्हणून मी धनुबाईकडे तोंड करून, तुला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "आते आम्हले कोनी गरज नही. कोनी येवानं नही आनि कोनी उपकार करानं नही."

उचलली जीभ लावली टाळ्याला. गरज सरो आणि वैद्य मरो, ही म्हण लोक दुसऱ्यांवर वापरतात. मी ती स्वतः करून दाखवली.

तू आत येऊन यांच्या पायांशी वाकून नमस्कार केलास आणि निघून गेलीस. बायकांना वाटलं, सणाचा नमस्कार. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या घराला कुलूप.

का बोलले ते सांगते, आणि हे मी अजून यांनाही सांगितलेलं नाही. रूपालीला मी सांगितलं होतं की पाठ फार दुखते. दुखत होती, पण मशीन मी पाठीसाठी मागितलं नव्हतं. मला तू यायला नको होतीस. रोज सकाळी सहाला फाटक वाजलं की मी तोंड फिरवून खाटेशी जाऊन उभी राहायचे. गावात जिथे जावं तिथे एकच, कमलसारखी जाऊ मिळायला भाग्य लागतं. बाई, ज्याचे उपकार घ्यायचे त्याला निदान दोन शब्द बोलता आले पाहिजेत. मला येत नव्हते. पहिलं तोंड मी उघडलं असतं तर चार वर्षांपूर्वीचं मला बोलावं लागलं असतं. सात महिन्यांत चारशेच्या वर वेळा तू माझ्या नवऱ्याला उचललंस आणि मी एकदा 'पाणी पी' म्हणाले नाही. ते साचत गेलं, आणि साचलेलं पाणी नासतं तसं नासलं.

चार वर्षांपूर्वीचंही लिहून टाकते. आशाच्या साखरपुड्यात मांडवात बसून मी म्हणाले होते, शिकलेली मुलगी आणि जावई कोंबड्या राखणारा. दिनेशराव माझ्या मागेच उभे होते हे मला ठाऊक नव्हतं, पण ते नसते तरी वाक्य तेच होतं. तू तेव्हापासून बोलली नाहीस. बरोबर केलंस. भाऊ गेले तेव्हा मी तुझ्याजवळ तेरा दिवस बसले, तरी त्या एका वाक्याबद्दल काही म्हणाले नाही. मला वाटलं, बसण्यातच सगळं आलं. बसण्यात येत नाही गं. तोंडाने म्हणावं लागतं.

मी चुकले, कमल. आशाच्या बाबतीत चुकले आणि अंगणात तर फारच.

काल रात्रीच्या जेवणाआधी यांनी पुन्हा डोक्यावरून हात ओढून दाखवला आणि फाटकाकडे पाहिलं. रोज सहाला पाहतात. मी आतापर्यंत सांगत आले, लेकीकडे गेलीय, येईल. काल मी यांना अंगणातलं सगळं सांगितलं, माझे शब्द जसेच्या तसे. खरं तर त्या दिवशी हे तिथेच होते, पण बायकांच्या गलक्यात यांना ते समजलं नसावं असं मी धरून चालले होते. यांना सगळं समजलं होतं. "मले... माहीत," म्हणाले. आणि भिंतीकडे तोंड केलं. अडीच महिने हा माणूस सगळं माहीत असून माझ्या हातचं जेवत होता.

तुला परत ये म्हणायला मला तोंड नाही. मोठ्या जावेने हाक मारावी आणि धाकटीने धावत यावं, तो जमाना गेला आणि तो घालवण्यात माझाच हात जास्त. म्हणून मी दुसरं ठरवलं आहे.

येत्या रविवारी, एकवीस तारखेला, मी यांना घेऊन नवापूरला येते. गाडी सांगितली आहे, मागची सीट आडवी होते. रूपालीला विचारलं, ती म्हणाली वाटेत दोनदा थांबा आणि बसवून ठेवा. इथून गाडीत मी यांना मशीन घालूनच बसवणार, दुसरा इलाज नाही, आणि एवढ्यासाठी ते देवासारखं आहे. पण मशीन मी बरोबर आणणार नाही. ते खाटेवर ठेवून येईन. ट्रॅकपँटही बदलून येईन, काळजी करू नकोस.

अकराच्या सुमाराला गाडी आशाच्या दाराशी उभी राहील. मी आधी उतरेन आणि दिनेशरावांना जे म्हणायचं ते सगळ्यांसमोर म्हणेन, जसं तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले होते. ते मोठ्या मनाचे आहेत, धावत उचलायला येतील. त्यांना तू येऊ देऊ नकोस. त्यांच्या हातात हे पुन्हा पोत्यासारखे पडतील.

मग मी गाडीचं मागचं दार उघडेन, यांचे पाय बाहेर काढून ठेवीन आणि पलीकडून जाऊन यांच्या काखेत हात घालीन. त्यापुढचं माझ्याच्याने होणार नाही. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, बघायचं नसेल तर बघू नकोस, अबोल्यातही आपल्याला उचलता येतं. आणि तू दार लावून आत बसलीस तरी मी गाडी वळवायला सांगणार नाही. हे पाय बाहेर ठेवून वाट बघतील, मी काखेत हात घालून उभी राहीन.

छकुलीला गोड पापा. दिनेशरावांना नमस्कार सांग. जावयाला मोठ्या सासूने नमस्कार सांगावा अशी रीत नाही, तरी सांग.

बाकी भेटीत.

तुझ्या दारात येणारी,
प्रमिला